जुन्या बॉयलरवरचा स्मार्ट थर्मोस्टॅट वारंवार बंद पडतो? आधी त्याला वीज कुठून मिळते ते बघा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. घर तापवणाऱ्या बॉयलरला चालू-बंद करणारा भिंतीवरचा जुना गोल थर्मोस्टॅट काढला आणि त्याच दोन वायरींवर नवा स्मार्ट थर्मोस्टॅट बसवला. पहिले आठ-दहा दिवस सगळं छान चाललं. मग एके दिवशी फोनवर ‘ऑफलाइन’ दिसायला लागलं, मागोमाग स्क्रीन काळी पडली आणि घर गार झालं. काढून चार्ज केला, परत बसवला, परत आठवडा गेला, परत तेच. दुसऱ्या प्रकारात स्क्रीन चालू असते, पण बॉयलरजवळ गेलं की रिलेची, म्हणजे कॉइलने ओढल्या जाणाऱ्या स्विचची, टकटक ऐकू येते आणि बर्नर पेटतो न पेटतो तोच विझतो.

माझ्या घरी पहिला प्रकार झाला. बॉयलर बिडाचा, जुना, पण अजून ठणठणीत. वर दिवाणखान्यापर्यंत गेलेल्या दोन वायरी, त्यांच्यावर कापडी वेष्टण. थर्मोस्टॅटच सदोष असणार असं समजून मी तो बदलून आणला, तर दुसराही तसाच वागला. आई राहायला आली होती त्याच आठवड्यात एका पहाटे उठलो तेव्हा घरात ११ अंश होते आणि ती अंगावर दोन शाली घेऊन बसून होती. त्या दिवसापासून मी सेटिंगमध्ये दिसणारा बॅटरीचा व्होल्टेज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायला लागलो. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं. ज्या दिवशी बॉयलर जास्त वेळ चालला, त्या दिवशी बॅटरी जास्त उतरली. ऊन पडलेल्या दिवशी ती भरत होती. म्हणजे थर्मोस्टॅट बिघडलेला नव्हता, उपाशी होता. आणि सगळ्यात जास्त उपाशी कधी, तर कडाक्याच्या थंडीत, बॉयलर तासन्‌तास चालू असताना.

असं का होतं ते समजलं की पुढची सगळी तपासणी सोपी होते, म्हणून त्यावर जरा थांबतो.

जुना थर्मोस्टॅट म्हणजे निव्वळ एक स्विच. हनीवेलचा १९५३ सालचा गोल टी-८७ घ्या. आत द्विधातूची गुंडाळलेली पट्टी आणि तिच्यावर काचेची कुपी, कुपीत पारा. खोली गार झाली की पट्टी वळते, कुपी कलते, पारा दोन तारांवर ओघळतो आणि सर्किट पूर्ण होतं. त्याला स्वतःला वीज लागतच नाही. त्यामुळे दोन वायरी पुरत होत्या. बॉयलरपाशी असलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून २४ व्होल्ट एसी एका वायरीने वर येतो, ती ‘आर’. थर्मोस्टॅटने जोडल्यावर दुसऱ्या वायरीने खाली जातो, ती ‘डब्ल्यू’. खाली रिलेच्या कॉइलमधून किंवा गॅस व्हॉल्व्हमधून तो ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला परततो. हे दुसरं टोक म्हणजे ‘कॉमन’, ज्याला सगळे ‘सी’ म्हणतात. ते वर भिंतीपर्यंत कधी नेलेलंच नाही, कारण गरजच नव्हती.

स्मार्ट थर्मोस्टॅट मात्र स्क्रीन, वाय-फाय आणि प्रोसेसर असलेला छोटा संगणक आहे. त्याला चोवीस तास वीज हवी. ‘सी’ नसेल तर तो ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्यामधूनच थोडी थोडी वीज उचलतो. हीटिंग बंद असताना या दोन वायरींमध्ये पूर्ण २४ व्होल्ट असतात, त्यातून तो इतका कमी करंट घेतो की खालचा रिले ओढला जाऊ नये. पण हीटिंग चालू झालं की त्याने स्वतःच त्या दोन वायरी जोडलेल्या असतात, आणि जोडलेल्या वायरींमध्ये व्होल्टेज जवळजवळ शून्य. मग तो क्षणभरासाठी जोडणी सोडून घोटभर वीज घेतो, नाहीतर आतल्या बॅटरीवर काढतो. काही बॉयलरना ही क्षणभराची सोडजोड कळत नाही, काहींना कळते आणि रिले टकटक करतो. उलट बाजूने, बंद असताना घेतलेला करंट एखाद्या संवेदनशील कंट्रोल बोर्डाला ‘चालू हो’ असा निरोप वाटतो आणि कोणी न सांगता बॉयलर पेटतो. तिन्ही लक्षणांचं मूळ एकच आहे: वीज पुरवणं आणि स्विचिंग ही दोन कामं एकाच जोडीवर लादली गेली आहेत. ती वेगळी करा, दुखणं जातं.

पण वायरीला हात लावण्याआधी मीटर हातात घ्या. हे मी आग्रहाने सांगतो, कारण ‘थर्मोस्टॅटची वायर म्हणजे २४ व्होल्ट’ हे सगळीकडे खरं नाही. मल्टिमीटर आधी एसीच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवा आणि थर्मोस्टॅटच्या टर्मिनलवर, हीटिंग बंद असताना, मोजा. २४ ते २८ व्होल्ट आला तर वर वर्णन केलेलंच सर्किट आहे. १२० किंवा २३० आला तर तो मेनचा, म्हणजे घरातल्या मुख्य विजेचा, व्होल्टेज आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय, पण २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट त्यावर चुकूनही चढवू नका. मेनच्या थर्मोस्टॅटमध्ये दोन टर्मिनलांमध्ये व्होल्टेज दिसेलच असंही नाही, म्हणून प्रत्येक टर्मिनल जमिनीच्या म्हणजे अर्थच्या संदर्भातही मोजून बघा. आणि एसीवर काहीच दिसलं नाही तर मीटर डीसी मिलिव्होल्टवर घ्या. तिथे २५० ते ७५० मिलिव्होल्टच्या दरम्यान आकडा आला तर तुमचा बॉयलर मिलिव्होल्ट पद्धतीचा आहे. त्यात ट्रान्सफॉर्मरच नसतो, पायलटच्या (सतत जळणाऱ्या छोट्या) ज्योतीवर तापणारा थर्मोपाइल एवढीशी वीज तयार करतो आणि तीच गॅस व्हॉल्व्ह उघडते. तिच्यातून थर्मोस्टॅट पोसायचा विचारच करू नका. अशा सर्किटमध्ये गंजलेला एक स्क्रू किंवा ढिला पीळ एवढ्यानेही व्हॉल्व्ह उघडायचा राहतो, म्हणून स्विचिंगसाठी कोरडा संपर्क, म्हणजे स्वतःचा व्होल्टेज न पाठवणारा रिले, आणि स्वच्छ घट्ट जोडण्या, एवढंच चालतं.

मोजून झालं की बॉयलरचा ब्रेकर पाडा, वीज गेल्याची मीटरने खात्री करा आणि जुन्या जोडण्यांचे फोटो काढा. बॉयलरच्या बाजूचेही. वायरीच्या रंगावर विश्वास ठेवू नका. लाल म्हणजे ‘आर’ आणि पांढरी म्हणजे ‘डब्ल्यू’ हा संकेत आहे, नियम नाही, आणि जुन्या घरात हाताला लागली ती वायर ओढलेली असते. फोटो काढला नसेल तर मीटर आणि संयम एवढेच सोबती उरतात.

आता दोष बॉयलरचा की थर्मोस्टॅटचा, ते ठरवायची एक साधी चाचणी आहे. २४ व्होल्टच्या सर्किटवर ब्रेकर पाडून बॉयलरच्या टोकाला थर्मोस्टॅटच्या दोन्ही वायरी सोडवा आणि ब्रेकर पुन्हा चढवा. बॉयलर बंद राहायला हवा. तरीही तो घर तापवत राहिला, तर थर्मोस्टॅट निर्दोष आहे. रिलेचे संपर्क चिकटले असतील किंवा झोन व्हॉल्व्हमधला (घराच्या एकेका भागाकडे गरम पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधला) मायक्रोस्विच अडकला असेल. ज्या घरांत मोटारीचे व्हॉल्व्ह २३० व्होल्टवर चालतात तिथे हा प्रकार फार दिसतो: व्हॉल्व्ह बंद होतो, पण त्याच्या नारिंगी वायरीवरचा बॉयलरला जाणारा पुरवठा तुटत नाही. माणसं थर्मोस्टॅट बदलत बसतात आणि बॉयलर चालूच. ही चाचणी नीट पार पडली तर पुन्हा ब्रेकर पाडून त्याच दोन टर्मिनलांमध्ये छोटा वायरीचा तुकडा लावा आणि वीज चालू करा. बॉयलर पेटायला हवा. पेटला तर बॉयलर ठीक, दोष त्याच्यावरच्या वायरीत किंवा थर्मोस्टॅटमध्ये. हा तुकडा फक्त थर्मोस्टॅटच्या टर्मिनलांवर लावायचा. पाण्याची पातळी, जास्तीत जास्त तापमान, धूर मागे फिरणं यांवर लक्ष ठेवणारे सुरक्षेचे स्विच ‘तपासण्यापुरते’ जोडून टाकायचे नाहीत, मिनिटभरासाठीसुद्धा नाही.

पेटवून दाखवलेला बॉयलर थोड्या वेळाने स्वतःहून बर्नर बंद करतो आणि पंप मात्र चालू राहतो, हे बघून दचकू नका. पाण्याने मर्यादा गाठली, ती बऱ्याच जुन्या यंत्रांत ८२ अंशांच्या आसपास असते, की बॉयलरवरचा अॅक्वास्टॅट बर्नर थांबवतो. पाणी उतरलं की परत पेटवतो. थर्मोस्टॅटचा त्याच्याशी संबंध नाही.

उपायांकडे येऊ. सगळ्यात सोपा उपाय कधी कधी भिंतीतच दडलेला असतो. थर्मोस्टॅटची पाटी काढून केबल हळूच थोडी बाहेर ओढा. दोन वायरी वापरात असल्या तरी केबलमध्ये तिसरी किंवा चौथी, मागे दुमडून गुंडाळलेली असू शकते. तीच केबल खालपर्यंत गेली आहे का ते बघायला, वीज बंद ठेवून वर दोन वायरींची टोकं एकत्र पिळा आणि खाली त्याच दोन टोकांवर मीटर कंटिन्युइटीवर लावा. बीप आला तर अखंड आहे. पीळ सोडवा, बीप थांबला पाहिजे. थांबला नाही तर भिंतीत कुठेतरी वायरी एकमेकींना टेकल्या आहेत. जुन्या केबल लाकडावर पिना मारून बसवलेल्या असतात आणि पीन वेष्टणातून आत गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. सुटी वायर चांगली निघाली तर तिचं खालचं टोक ट्रान्सफॉर्मरच्या कॉमन बाजूला आणि वरचं थर्मोस्टॅटच्या ‘सी’ला जोडा. कॉमन बाजू ओळखायची खूण अशी: तिच्यात आणि ‘आर’मध्ये, हीटिंग चालू असो वा बंद, कायम २४ व्होल्ट दिसतो. ट्रान्सफॉर्मरवर व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) आकडा छापलेला असतो. बहुतेक ठिकाणी ४० व्हीए, म्हणजे २४ व्होल्टला साधारण १.६७ अँपिअर. त्याच ट्रान्सफॉर्मरवर दोन-तीन झोन व्हॉल्व्हही असतील तर बेरीज करा. मेण तापवून उघडणारे जुने व्हॉल्व्ह एकेकटे ०.९ अँपिअर खातात.

मात्र बऱ्याच जुन्या रिले कंट्रोलवर ‘आर’, ‘डब्ल्यू’, ‘सी’ अशी नावंच नसतात. फक्त ‘टी’ आणि ‘टी’. ट्रान्सफॉर्मर डब्याच्या आत असतो आणि कॉमन बाहेर काढलेलं नसतं. इथे लोक एक चूक करतात, जी मला सगळ्यात घातक वाटते: बाजारातला २४ व्होल्टचा अॅडॉप्टर आणून त्याच्या वायरी थेट याच सर्किटला जोडतात. आतला ट्रान्सफॉर्मर आधीच त्या टर्मिनलांवर व्होल्टेज देतो आहे. दोन ट्रान्सफॉर्मर उलट फेजमध्ये आले तर २४ आणि २४ मिळून ४८ व्होल्ट होतात आणि रिलेची कॉइल किंवा थर्मोस्टॅट जळतो. त्याहून वाईट म्हणजे ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो. बाहेरचा २४ व्होल्ट आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या छोट्या बाजूला पोचला, तर त्याच्या मेनच्या बाजूला जिवाला धोका होईल इतका व्होल्टेज तयार होतो, आणि तोही बॉयलरचा ब्रेकर पाडलेला असताना. वीज बंद आहे असं समजून कोणी हात घालेल, तर?

योग्य मार्ग म्हणजे मध्ये आयसोलेशन रिले बसवणं. माझ्या घरी शेवटी हेच केलं आणि तेव्हापासून बॅटरीची वही बंद झाली. लागतात दोनच गोष्टी: थर्मोस्टॅटसाठी स्वतंत्र २४ व्होल्ट एसीचा ट्रान्सफॉर्मर आणि २४ व्होल्ट एसी कॉइलचा रिले. ट्रान्सफॉर्मरचं एक टोक थर्मोस्टॅटच्या ‘आर’ला. दुसरं टोक थर्मोस्टॅटच्या ‘सी’ला आणि तिथूनच रिलेच्या कॉइलच्या एका टोकाला. कॉइलचं दुसरं टोक ‘डब्ल्यू’ला. झालं, थर्मोस्टॅटचं पोट भरलं आणि त्याने हाक मारली की रिले ओढला जातो. आता रिलेचे कॉमन (हा ‘सी’ नव्हे, रिलेचा समाईक संपर्क) आणि नॉर्मली ओपन (एरवी सुटा असणारा) हे दोन संपर्क बॉयलरच्या ‘टी’ आणि ‘टी’ला जोडा. बॉयलरला वाटतं की वर अजून तोच पाऱ्याचा स्विच आहे. दोन्ही बाजूंची वीज एकमेकींना शिवतही नाही. मिलिव्होल्ट बॉयलरवरही हेच चालतं, फक्त हलक्या करंटसाठी सोनेरी मुलामा असलेल्या संपर्कांचा रिले घ्या, साध्या संपर्कांवर काळपट थर बसला की एवढासा व्होल्टेज त्यातून पार होत नाही.

‘पण भिंतीत दोनच वायरी आहेत, तीन कुठून आणू?’ हा प्रश्न येतोच. ट्रान्सफॉर्मर खाली बॉयलरपाशी ठेवायचा असेल तर तीन लागतात, खरं आहे. पण थर्मोस्टॅटजवळ विजेचा सॉकेट असेल तर प्लगमध्ये बसणारा ट्रान्सफॉर्मर वरच लावा आणि तो ‘आर’ व ‘सी’ला जोडा. मग खाली जाणाऱ्या जुन्या दोन वायरींची भूमिका बदला: एक ‘डब्ल्यू’, दुसरी ‘सी’. खाली त्या रिलेच्या कॉइलवर संपतात. भिंत फोडावी लागत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या निघणाऱ्या वायरीत २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज घाला. बऱ्याच जुन्या ट्रान्सफॉर्मरना फ्यूज नसतो, आणि स्क्रूड्रायव्हर घसरून ‘आर’ आणि ‘सी’ क्षणभर टेकले तरी ते आतून जळू शकतात.

झोन व्हॉल्व्हच्या एका जुन्या जातीबद्दल सावध करतो. तिला तीन वायरी असतात, उघडायलाही वीज लागते आणि बंद करायलाही. ती साध्या ‘आर’-‘डब्ल्यू’वर लावली की व्हॉल्व्ह उघडतो आणि उघडाच राहतो. तिथे रिलेचा नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला) संपर्क बंद करणाऱ्या वायरीसाठी वापरायचा.

मेनच्या व्होल्टेजवर चालणाऱ्या यंत्रणांत स्मार्ट थर्मोस्टॅट दोन भागांत येतो: वर भिंतीवर किंवा टेबलावर स्क्रीन आणि बॉयलरजवळ तिचा निरोप घेऊन स्विचिंग करणारा रिसीव्हर. रिसीव्हरला स्वतःचा लाइव्ह आणि न्यूट्रल असतो, त्यामुळे उपाशी राहायचा प्रश्न नाही. तिथली नेहमीची चूक वेगळी: लाइव्ह आणि ‘कॉम’ (रिसीव्हरमधल्या रिलेचा समाईक संपर्क, वरचा ‘सी’ नव्हे) यांच्यामधला छोटा जोड. बॉयलरला २३० व्होल्टचाच स्विच केलेला लाइव्ह हवा असेल तर तो जोड असायला हवा. बॉयलरचं टर्मिनल कमी व्होल्टेजचं असेल किंवा ओपनथर्मसारखं (थर्मोस्टॅट आणि बॉयलर यांच्यातली संदेशपद्धत) डिजिटल असेल तर तो जोड काढलाच पाहिजे, नाहीतर पहिल्याच हाकेला २३० व्होल्ट बोर्डात जातो आणि बोर्ड जळतो. बॉयलरच्या वायरिंगचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो, तो वाचा. हे काम मेनच्या विजेत अनुभव असलेल्या माणसाकडून करून घ्या, आणि गॅसच्या बाजूला तर स्वतः हात लावूच नका.

वीज नीट पोचली तरी बर्नर वारंवार पेटत-विझत असेल तर सेटिंग बघा. जुन्या थर्मोस्टॅटमध्ये अँपिअरचे आकडे कोरलेला एक छोटा सरकता काटा असायचा. तो खोली पूर्ण तापायच्या जरा आधी हीटिंग थांबवायचा, कारण रेडिएटर त्यानंतरही उष्णता देत राहतात. नव्यात त्याची जागा तासाला किती फेऱ्या या सेटिंगने घेतली आहे. गरम हवेच्या भट्टीसाठी ती पाच-सहा असते. गरम पाण्याच्या बॉयलरला तीन पुरतात, वाफेच्या बॉयलरला एक. पहिल्या दिवशी घाईत ‘भट्टी’ निवडली गेली असेल तर ती बदलून ‘बॉयलर’ किंवा ‘रेडिएटर’ करा. पाटीमागचं भिंतीतलं भोकही बुजवा. त्यातून येणारा गार वारा सेन्सरला लागतो आणि खोली गार आहे असं त्याला वाटत राहतं.

बिडाच्या बॉयलरबद्दल मला मनापासून एक काळजी आहे. स्मार्ट थर्मोस्टॅट घरात कोणी नसताना तापमान बरंच खाली सोडतो आणि परतायच्या वेळी झपाट्याने वर आणायला बघतो. त्या वेळी रेडिएटरांतून बॉयलरकडे परतणारं पाणी बराच वेळ गार असतं. नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ साधारण ५५ अंशांच्या खाली पाण्याचे थेंब होऊन साचते आणि ते पाणी आम्लधर्मी असतं. कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली ही वाफ मुद्दाम निववून तिची उष्णता वापरणारे) ते सोसायलाच बनवलेले असतात, जुने नाहीत. त्यांच्या बिडाला आणि चिमणीला आतून गंज चढतो. म्हणून जुन्या यंत्रावर रात्रीची किंवा बाहेर असतानाची उतरंड दोन-तीन अंशांपुरतीच ठेवा आणि ‘आपोआप शिक’ हा पर्याय बंद करा.

काढलेल्या जुन्या थर्मोस्टॅटमध्ये काचेची कुपी दिसली तर ती फोडू नका, कचऱ्यातही टाकू नका. आत पारा आहे. कुपी उभी राहील अशा झाकणबंद डब्यात ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. आणि सगळं जोडून झाल्यावर, कोणती वायर आता कोणत्या कामाला आहे, रिले कुठे आहे, त्याचा ट्रान्सफॉर्मर कोणत्या सॉकेटवर आहे, हे कागदावर काढून बॉयलरच्या झाकणाच्या आत चिकटवा. माझ्या कागदावर सर्वांत वर मोठ्या अक्षरात लिहिलंय: इथे दोन पुरवठे आहेत, दोन्ही बंद करा.